तीन वाट्या कणीक

आमच्या इंदोरच्या राजेंद्रनगरातल्या भिशीत एक काकू आहेत. त्यांची भाची मुंबईत मालिकांच्या लिखाणाच्या कामात आहे, एवढं ऐकून होते. गेल्या वर्षी आषाढात काकूंनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं आणि म्हणाल्या, "अगं, तिला तुझ्याशी बोलायचंय. फौजीच्या बायकोवर मालिका काढताहेत. तू बोल बाई तिच्याशी. तुमचं खरं काय असतं ते दाखवतील तरी."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भुट्टे घेतले आणि घरी आले. पण संध्याकाळी कीस परतताना डोक्यात तेच. सतरा वर्षं झाली मला फौजीची बायको होऊन. एवढ्या वर्षांत टीव्हीवर आमच्यासारख्या बायका कितीदा पाहिल्या असतील. स्टेशनवर हात हलवणाऱ्या, देवापुढे निरांजन धरून बसलेल्या, फोन वाजला की हातातलं ताट पाडणाऱ्या. सासूबाई ते बघताना डोळे पुसतात. मला मात्र दर वेळी वाटायचं, ही बाई गॅसचा नंबर कधी लावते? हिच्या मुलीला ताप येतो तेव्हा रात्री दवाखान्यात सोबत कोण जातं?

आधी थोडं घराविषयी. सासरे इथल्या कापड गिरणीत होते. इंदोरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, घरातला पगार थांबला, आणि हे बारावी होऊन जवळच्या महूच्या छावणीत भरतीच्या रांगेत उभे राहिले. आज ते इन्फंट्रीत नायब सुभेदार आहेत. पलटण कोणती आणि सध्या कुठे, हे मी इथे लिहिणार नाही. त्या लोकांनाही सांगितलं नाही. सतरा वर्षांपैकी फॅमिली क्वार्टरमध्ये आम्ही एकत्र राहिलो ती जेमतेम पाच. बाकी सगळा काळ मी, सासूबाई आणि आता नववीत गेलेली लेक, असं तिघींचं घर. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर नव्वद दिवस. ती कधी मिळेल, सलग मिळेल की तुकड्यातुकड्यांनी, हे तिकडच्या परिस्थितीवर. फौजेत बायकोला 'फॅमिली' म्हणतात. 'माझी फॅमिली इंदोरला आहे' म्हणजे बायको इंदोरला आहे. एका बाईला अख्खं कुटुंब म्हणायचं, यात मोठा समंजसपणा आहे असं मला आता वाटतं.

तर पहिलं काम ह्यांना विचारण्याचं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार गोष्टी सोडून बोल. नाव, गाव, पलटण, तारीख." मग जरा थांबून, "मी साहेबांना विचारतो. तोवर थांब."

हे विचारणं नुसतं रीत म्हणून नव्हतं. २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने जवानांना फोनमधून ८९ ॲप काढायला सांगितली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामही त्यातच. त्या आठवड्यात मीही माझं फेसबुक बंद केलं. लेकीच्या वाढदिवसाचा फोटो टाकला आणि त्यात मागे ह्यांचा गणवेश लटकलेला दिसला, एवढ्यावरून कुणी काय जोडत जाईल याचा नेम नसतो. त्याच महिन्याअखेरीस संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला आणि संबंधित मंत्रालयांना कळवलं होतं, की सैन्यावरचा चित्रपट, माहितीपट किंवा वेबमालिका दाखवण्याआधी आमचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा. काही मालिकांमध्ये सैन्याचं, गणवेशाचं आणि आमच्यासारख्या बायकांचंही फार ओंगळ चित्रण झालं होतं, त्यावरून ओरड झाली होती. तेव्हा आपण बोलायचं तर विचारून बोलायचं. दोन-अडीच आठवड्यांनी ह्यांचा फोन आला. एकच शब्द. "बोल."

मग आला तो कागद. संमतीपत्र म्हणून चार पानं पाठवली होती. माझा मामेभाऊ इथल्या खंडपीठात वकिली करतो. त्याने चष्मा काढून ठेवला आणि मला एक ओळ दोनदा वाचून दाखवली. मी जे सांगेन ते जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी वापरण्याचा, बदलण्याचा आणि पुढे विकण्याचा हक्क त्यांचा. "ताई, यावर सही केलीस तर उद्या तुझ्या नवऱ्याच्या तोंडी काहीही घालतील," तो म्हणाला. त्याने लाल पेनाने ती ओळ खोडली आणि दोन नव्या लिहिल्या. आमची ओळख पटेल असं काही वापरायचं नाही. आणि आमच्या बोलण्यावरून जे लिहिलं जाईल ते चित्रीकरणाआधी आम्हाला वाचायला द्यायचं. महिनाभर कंपनीकडून काही उत्तर नाही. मला वाटलं, संपलं. मग त्या भाचीचाच फोन आला, "ताई, मान्य करून घेतलंय. फक्त लिहिलेलं दाखवू, चित्रित केलेलं नाही." ठीक म्हटलं. मानधनाचंही तेव्हाच ठरलं. मी घेतलं. आमचा वेळ, आमचं जगणं, त्यावर दुसरा धंदा करणार असेल तर त्याचे पैसे घेण्यात मला गैर काही वाटत नाही. ज्या कुणी असं बोलायला जाणार असतील त्यांना माझं एवढंच सांगणं, तो कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. आपण बायका 'चांगल्या कामासाठी आहे ना' म्हणून सही करून मोकळ्या होतो.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या होऊन गेल्या आणि पुढच्या रविवारी ती आली. सव्वीस-सत्तावीसची पोर, बरोबर संवाद लिहिणारा एक मुलगा. पितृपक्ष लागला होता. सासूबाईंचं म्हणणं, पक्षात नवं काम कशाला. मी म्हटलं, "नवं कुठे, जुनंच सांगायचंय सगळं."

मी आणखी तिघींना बोलावलं होतं. महूजवळच्या किशनगंजच्या वहिनी, ह्यांचे मित्र फौजेच्या सिग्नल दलात हवालदार आहेत त्यांच्या. सुभेदारकाकू, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, काका जाऊन नऊ वर्षं झाली. आणि देवासच्या वहिनी. त्यांचे यजमान परत आले नाहीत. सरकारी भाषेत त्या वीर नारी. येणार नाही असंच म्हणाल्या होत्या, मानधन तर अगदी शेवटपर्यंत घेतलं नाही. पण त्या दिवशी साडेदहाला फाटकाशी त्यांची स्कूटर थांबली.

पोहे-जलेबी झाली, चहा झाला. त्या मुलीने मधल्या टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि वही उघडली. वहीत बावीस प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न, "ते निघतात तेव्हा काय वाटतं?" दुसरा, "निघताना शेवटचं काय बोलतात?" मी उलटी वही वाचत होते. पहिले चौदा प्रश्न निघण्याचेच.

आम्ही सांगितलं. निघण्याच्या आदल्या रात्री काळ्या ट्रंकेला कुलूप लावताना घरात जो आवाज होतो तो सांगितला. मी पोळ्या आणि कोरडी चटणी बांधून देते आणि हे दर वेळी 'एवढं कशाला' म्हणतात आणि दर वेळी नेतात, ते सांगितलं. संवादवाल्या मुलाने विचारलं, "म्हणजे ते सांगतात का, की मी मोहिमेवर जातोय, परत येईन की नाही माहीत नाही?"

किशनगंजच्या वहिनी म्हणाल्या, "कध्धी नाही. 'दोन-चार दिवस रेंज नसेल' म्हणतात. एवढंच."

"आणि मग तुम्ही?"

"मी म्हणते, बरं. भाजीला पैसे पाठवलेत ना."

त्या मुलाने ते लिहून घेतलं. नंतर मला कळलं की त्याच्या जवळच्या मसुद्यात नायकाचं निघतानाचं दीड पानी भाषण होतं. ते त्याने त्याच रात्री काढून टाकलं. हे त्याचं मोठेपण.

सुभेदारकाकूंनी १९७१ चं सांगितलं. लग्न होऊन सहा महिने झाले होते. पत्रावर पत्ता म्हणून नाव, हुद्दा आणि ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा क्रमांक. माणूस नेमका कुठे आहे ते त्यावरून कळायचं नाही. डिसेंबरमध्ये गल्लीत तारवाल्याची सायकल दिसली की बायका दारं लावून घ्यायच्या. दार उघडलं नाही तर तार आपली नसेल, असं वाटायचं. एका दुपारी सायकल काकूंच्या दारावरून पुढे गेली आणि चौथ्या घरी थांबली. "मला बरं वाटलं," काकू म्हणाल्या. "तेव्हा बरं वाटलं त्याचं आजही वाईट वाटतं." त्या घरी माणूस आला नाही. त्या काळी बहुतेकांचं तिकडेच करून टाकत. पार्थिव सन्मानाने घरापर्यंत पोचवण्याची रीत पडली ती १९९९ च्या कारगिलपासून. शेजारणीकडे दोन महिन्यांनी ट्रंक आली, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. तार बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, २०१३ साली शेवटची तार गेली. काकू म्हणाल्या, त्या दिवशी टीव्हीवर लोक हळहळत होते, "मी उठून बंद केला टीव्ही."

खोलीत कुणी बोलेना. ती पोर रडत होती. रेकॉर्डर चालू होता.

जेवणानंतर देवासच्या वहिनी बोलल्या. आम्हाला वाटलं होतं, यजमान गेले त्या दिवसाचं सांगतील. त्यांनी नावाचं सांगितलं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहितात. त्यांचंही बदललं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फौजेच्या नोंदीत आणखी तिसरं, कारण नातेवाइकांची यादी असलेला जो कागद तहसीलमधून सही होऊन जातो, किन्ड्रेड रोल, त्यात कुणी तरी एक अक्षर चुकवलं होतं. फौजेत लग्न झालं, मूल झालं, की त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, निघतो. तो निघेपर्यंत कागदाच्या लेखी आपण त्या माणसाच्या कुणी नसतो. यजमान होते तोवर ते एक अक्षर कुणाला दिसलं नाही. ते गेल्यावर तेवढंच दिसायला लागलं. आठ महिने. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, वर्तमानपत्रात जाहिरात. पलटणीची माणसं पाठीशी उभी राहिली म्हणून आठ महिन्यांत निभावलं. "मला प्रत्येक खिडकीवर सिद्ध करावं लागलं, की ती मीच," वहिनी म्हणाल्या. "आणि तेव्हा मला स्वतःलाच वाटत नव्हतं की मी तीच आहे."

माझ्या वाचणाऱ्या मैत्रिणींनो, फौजीच्या घरात असाल तर आजच सगळी कागदपत्रं एकत्र काढा आणि आपलं नाव सगळीकडे एकाच अक्षरात आहे का ते पाहा. ह्यांच्या पुढच्या सुट्टीत मी पहिलं काम ते केलं.

चार वाजत आले होते. वहीतले प्रश्न संपत आले होते आणि मला राहवेना. मी म्हटलं, "तुम्ही सगळं जाण्याचं विचारलंत. येण्याचं विचारा ना."

ती पोर म्हणाली, "येतात तो तर आनंदाचा प्रसंग असतो ना ताई?"

आनंदाचा असतोच. पण सांगते. आमच्या घरी रोज तीन वाट्या कणीक भिजते. स्टीलची वाटी आहे, लग्नातली, काठाला जरा चेपलेली. तीन वाट्यांच्या अकरा पोळ्या. सासूबाईंच्या तीन, लेकीच्या चार, माझ्या चार. आठ-आठ महिने हात तेच करतो. हे येतात त्या दिवशी मी आठवणीने पाच वाट्या घेते. दुसऱ्या दिवशीही घेते. गोडधोड असतं, येणारे-जाणारे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहुणे सरतात, घर रुळावर येतं, मी सकाळी लेकीचा डबा, सासूबाईंची गोळी, गॅसवर आमटी अशा घाईत असते, आणि हात आपोआप तीन वाट्या घेतो. जेवायला बसल्यावर कळतं. पोळ्यांचा डबा तळाला जातो. हे बघतात. दोन पोळ्या खाल्लेल्या असतात, भात वाढून घेतात आणि म्हणतात, "आज भूक नाही फारशी." पाच पोळ्या खाणारा माणूस. मला कळतं, त्यांना कळलंय. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते.

हे कुणाला सांगणार? नवरा सीमेवरून आलाय आणि त्याच्या वाट्याची कणीक घ्यायला बायको विसरली. माया कमी आहे म्हणून नाही विसरत. घर त्याच्याशिवाय चालवता चालवता इतकं घट्ट बसतं, की तो आला की त्याला शिरायला फट सापडत नाही. सिलिंडर तिरका करून गोल फिरवत न्यायला मी शिकले. हे आले की पुढे होऊन उचलतात आणि मला राग येतो. गाडीच्या किल्ल्या माझ्या हाताच्या उंचीच्या खिळ्याला असतात. ते वरच्या कप्प्यात ठेवतात, मी सकाळी शोधते. लेकीला कुठे पाठवायचं, किती वाजेपर्यंत, हे मी ठरवते. ते एकदम "नाही" म्हणतात आणि ती माझ्याकडे बघते. बाबांकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा ह्यांचा चेहरा जो होतो तो मला बघवत नाही. पहाटे चारला उठून बसतात. खिडकीशी उभे राहतात. मीही जागी असते, पण झोपेचं सोंग घेते, कारण काय बोलावं सुचत नाही. पंधरा-वीस दिवसांनी हात पाच वाट्यांवर येतो, दोघांचं हसणं एका वेळी येतं, आणि मग ट्रंक खाली उतरते.

मी थांबले तर किशनगंजच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्या धाकट्याने मागच्या सुट्टीत तिसऱ्याच दिवशी ह्यांना विचारलं, 'बाबा, तुम्ही परत कधी जाणार?' त्याच्या मनात काही नव्हतं हो. आमच्या घरात बाबांविषयी एकच प्रश्न असतो, कधी. येणार कधी, जाणार कधी. त्याने आपला नेहमीचा विचारला. हे रात्रभर गच्चीत होते."

सुभेदारकाकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमचे लढाईहून आले तेव्हा माझ्याशी दोन महिने अहोजाहो बोलत होते," त्या म्हणाल्या. पन्नासहून जास्त वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई आतून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून कणीक मी भिजवत जाईन, तो असला की."

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला महूला नेलं. गावाचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, पण फौजी आणि आम्ही अजून महूच म्हणतो. तिला इन्फंट्री स्कूलचं फाटक बाहेरून बघायचं होतं, त्यांचा नायक तिथे कोर्सला येतो म्हणून. फोटो काढू नकोस म्हटलं, तिने काढला नाही. कँटीनची रांग तिने पाहिली. मग आम्ही भीम जन्मभूमीवर गेलो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला याच छावणीत झाला, वडील सुभेदार रामजी फौजेत होते म्हणून. मी तिथे दर वेळी भीमाबाईंचा विचार करते. चौदा बाळंतपणं, नवऱ्याची नोकरी फौजेची, आज ही छावणी तर उद्या ती. फौजीच्या त्या बायकोला तेव्हा कुणी काही विचारलं असेल का? ती पोर बराच वेळ गप्प उभी होती. परतताना म्हणाली, "ताई, माझे बावीस प्रश्न चुकले."

मसुदा आला तो गराडूच्या दिवसांत, मार्गशीर्षात. माझ्या, काकूंच्या आणि दोघी वहिनींच्या सांगण्यावरून लिहिलेले नऊ प्रसंग. मी रात्री अकराला वाचायला बसले आणि पहाटे झोपले.

किरकोळ चुका होत्या, त्या मी पेन्सिलीने लिहून दिल्या. डोक्यावर टोपी नसताना आपला जवान सलाम करत नाही, तो सावधान उभा राहतो. सुट्टीवर आलेला माणूस घरच्या हळदीत गणवेश घालून नाचत नाही. नायिकेचं घर साताऱ्याकडचं म्हणून पोळीची चपाती केली होती. तिकडे तसंच म्हणतात, त्याला माझी हरकत नव्हती.

पण पाचव्या प्रसंगात देवासच्या वहिनी होत्या. नावाची ती सगळी कहाणी, आणि त्याबरोबर त्यांच्या स्कूटरचा रंग, त्यांच्या मुलाचं लहानपणीचं आजारपण आणि सासरच्या गावच्या देवीचं नाव. कुणीही देवासचं माणूस ओळखेल. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या शाळेतले बघतील ना हे." मला जो राग आला तो मी आयुष्यात क्वचित केलाय. मी मामेभावाला घेऊन बसले आणि कंपनीला पत्र लिहिलं, खुणेची प्रत्येक गोष्ट काढा, नाही तर आमचे नऊही प्रसंग परत करा. ती पोर स्वतःच्या खर्चाने इंदोरला आली. आधी देवासला गेली, वहिनींच्या पुढ्यात बसली, माफी मागितली. तिला बसवर सोडायला वहिनी आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. प्रसंग नव्याने लिहिला गेला. आता त्यात फक्त एक बाई आहे, एक खिडकी आणि एक चुकलेलं अक्षर.

दुसरा वाद चॅनेलकडून आला. नायक शहीद होतो आणि घरचे नायिकेचं दिराशी लग्न लावू बघतात, असा धागा पुढे घालायचं त्यांच्या मनात होतं. प्रेक्षकांना धरून ठेवतं म्हणाले. मी म्हटलं, घाला, पण असं का होत आलं तेही घाला. शौर्यपदकाबरोबर जो भत्ता मिळतो तो विधवेने पुन्हा लग्न केलं की बंद व्हायचा. फक्त दिवंगत नवऱ्याच्या भावाशी केलं तरच चालू राहायचा. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने काढली. तोवर किती घरांत त्या अटीकडे बोट दाखवून किती मुलींना गप्प बसवलं असेल. आता अट नाही, पण बोट दाखवणारे आहेत. हे सांगणार असाल तर तो धागा करा, नाही तर माझ्या तोंडून ऐकलेलं काही त्यात वापरू नका. तो धागा सध्या बाजूला ठेवलाय असं कळलं. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही.

आणि कणकेचा प्रसंग. त्यांनी तो उलटा लिहिला होता. नायक निघून जातो, नायिका सवयीने त्याच्याही वाटणीच्या चपात्या करते, डब्यात उरतात, ती डब्याकडे बघून रडते. लिहिलेलं सुंदर होतं, वाचताना माझेही डोळे भरून आले. तरी मी फोन केला.

"ताई, हेही खरंच आहे ना?" ती म्हणाली. "उरतात ना?"

"उरतात. दुसऱ्या दिवशी कुस्करा करून खातो. पण ते सगळ्यांना ठाऊक आहे गं. मी जे सांगितलं ते कमी पडण्याचं."

"पण मग बायको वाईट दिसते, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं."

"वाईट नाही दिसणार. माझ्या सासूबाईंनी ते ऐकलं, त्यांना मी वाईट दिसले नाही."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "बघते."

फाल्गुनात हे आले. मी तो सगळा कागदांचा गठ्ठा ह्यांच्यापुढे ठेवला. खाटेवर बसून एकेक पान वाचलं, फौजी माणूस वाचतो तसं, बोट ओळीखाली धरून. माझ्या मूळ बोलण्याचा उतारा होता, तिथे बोट थांबलं. मी ओट्याशी होते. पाठीमागून आवाज आला, "मला वाटायचं, तुला कळलं नसेल."

"काय?"

"मी दोनवर थांबतो ते."

मी वळले नाही. हे उठून आले, कणकेच्या डब्याचं झाकण काढलं आणि ती चेपलेली वाटी हातात घेऊन बघत उभे राहिले, जणू पहिल्यांदाच बघताहेत. मग मला विचारलं, "एका वाटीच्या किती होतात?" सतरा वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

वैशाखात, ऐन दुपारी, मुंबईहून फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. नायिकेचं काम करणारी मुलगी होती. सेटवर होती, मागे कुणी तरी दिवे सरकवायला सांगत होतं. "ताई, नमस्कार. आज तुमचा तो प्रसंग आहे. मला स्वतः कणीक भिजवायचीय, हाताला सवय दिसायला हवी. घरात सासू, मी आणि मुलगी. किती घेऊ?"

"तीन वाट्या."

"बरं. आणि..." ती थांबली. कागद उलटल्याचा आवाज आला. "पण ताई, या प्रसंगात तो आलेला आहे ना? चार दिवस झालेत त्याला येऊन."

"हो," मी म्हटलं. "तरी तीनच."